ब्याण्णव टक्के म्हणजे नेमकं किती?

दहावीचा निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात, पेढेवाल्यांची चलती होते आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टक्केवारी फिरू लागते. पाऊस स्थिरावेपर्यंत ते सगळं ओसरतं. मग दिवाळीच्या आसपास त्यातल्याच काही घरांत दुसरी बातमी येते, आणि ती मात्र कुठल्याही ग्रुपवर जात नाही : अकरावी सायन्सच्या पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात पंचवीसपैकी सात. मुलगी तीच, अक्षर तेच, क्लासही बहुधा तोच. कारण शोधायला घरातले मोबाइल, संगत, कॉलेजचे प्राध्यापक असे सगळे संशयित उभे करतात. दहावीच्या गुणांवर संशय घ्यावा असं कुणाच्या मनातही येत नाही.

हा लेख सातवी ते दहावीतल्या मुलांच्या पालकांसाठी आहे. ज्यांच्या घरी गुण चांगले येतात त्यांनी तो जरा जास्त लक्ष देऊन वाचावा. शिक्षकांसाठीही मधे थोडं आहे. शाळेचे आणि बोर्डाचे गुण गेल्या पंधराएक वर्षांत सैल झाले आहेत, ते पुन्हा घट्ट करणं पालकांच्या हातात नाही. पण आपल्याला खरोखर किती येतं याचा अंदाज मुलाला मिळेल, एवढी सोय घरी करता येते. तो अंदाज नसला की अभ्यास वाढवायचा कशासाठी, हेच मुलाला कळेनासं होतं. आळस, हट्ट, ‘लक्षच नाही याचं’ असं आपण ज्याला म्हणतो, त्यातलं बरंचसं इथून सुरू होतं.

गुण सैल झाले ते कसे

आधी थोडी नोंद, कारण या विषयावर ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ यापलीकडे चर्चा क्वचितच जाते.

२०१० साली राज्य सरकारनं ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आणलं. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच धरायचे आणि टक्केवारी काढायची. अकरावीच्या प्रवेशात दुसऱ्या बोर्डांच्या मुलांपुढे आपली मुलं मागे पडतात, ही त्यामागची चिंता होती. मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला, सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा उभा केला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचं नाही, असं ठरलं. लेखी परीक्षेच्या जोडीला शाळेच्या हातातले २० गुण होतेच. शिवाय खेळ, चित्रकला, लोककला यांचे वाढीव गुण. या सगळ्याची बेरीज म्हणून २०२५ साली दहावीत २११ मुलांना पैकीच्या पैकी, म्हणजे १०० टक्के मिळाले.

सगळ्यात बोलका प्रसंग २०१९ चा आहे. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला होता. पुढच्या वर्षी मंडळानं भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले गुण काढून घेतले, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम नवा होता, कृतिपत्रिका नव्या होत्या, तेव्हा सगळं खापर एका बदलावर फोडता येणार नाही. तरी एवढी घसरण पाहून राज्यभर ओरड झाली आणि वर्षाच्या आत ते गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.) २०२१ साली परीक्षाच झाली नाही. नववीचे ५० आणि दहावीच्या शाळांतर्गत कामाचे ५० असे गुण जोडून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. त्यानंतर परीक्षा पूर्ववत सुरू झाल्या, पण आकडा नव्वदीच्या खाली आलेला नाही.

यात कुणाचं कारस्थान नाही. पूर्वीची ‘नापास’ची भिंत फार क्रूर होती. इंग्रजी आणि गणित या दोन विषयांवर खेड्यापाड्यांतल्या हजारो मुलींची शाळा कायमची सुटली, हे विसरून जुन्या कडकपणाचे गोडवे गाऊ नयेत. त्या काळातही कडकपणा सगळीकडे प्रामाणिक नव्हताच. दहावीचा निकाल चकचकीत दिसावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडकवायचं किंवा ‘१७ नंबरचा फॉर्म भर’ म्हणून वाटेला लावायचं, हा उद्योग नावाजलेल्या शाळांनी वर्षानुवर्षं केला. तेव्हा गुण सैल करणाऱ्यांचा हेतू बरा होता, असं मी मानतो. फक्त मुलाला नापास न करणं ही एक गोष्ट आणि त्याला किती येतं हे त्याच्यापासून लपवणं ही दुसरी. पहिली करता करता आपण दुसरीही करून बसलो.

सैल गुण मुलाच्या मेहनतीचं काय करतात

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात याचा जवळजवळ प्रयोगच होऊन गेला. तिथल्या हायस्कुलांत पूर्वी ‘ए’ श्रेणीसाठी ९३ गुण लागत आणि ७० च्या खाली गेलं की नापास. २०१५ मध्ये राज्यानं सगळ्या हायस्कुलांसाठी पट्टी बदलली. ‘ए’ ९० वर आला, नापासाची रेषा ६० वर. अभ्यासक्रम तोच, शिक्षक तेच. मुलांना दिलासा मिळावा, कॉलेज प्रवेशात शेजारच्या राज्यांच्या मुलांपुढे मागे पडू नये, हा विचार. ओळखीचा वाटतो ना?

पुढे काय झालं ते संशोधकांनी तपासलं. श्रेणी सुरुवातीला वाढल्या, हे अपेक्षितच. पण मुलांची गैरहजेरीही वाढली, आणि ती मुख्यतः आधीपासून मागे असलेल्या मुलांची. ज्यांना मदत करायची म्हणून पट्टी खाली आणली, तीच मुलं वर्गात कमी दिसू लागली. पुढच्या बाकांवरच्यांना फारसा फरक पडला नाही, आणि दोघांमधलं अंतर वाढलं.

हे असं का व्हावं? पंधरा वर्षांचा मुलगा हिशेबाला पक्का असतो, आपल्याला वाटतं त्याहून पक्का. पास व्हायला किती पुरतं, नव्वदीत जायला किती पुरतं, हे तो पहिल्या दोन चाचण्यांतच ताडतो, आणि तेवढंच करतो. यात त्याचा दोष काय? आपणही ऑफिसात तेच करतो. आधी मागे असलेल्या मुलाची नजर पासाच्या रेषेवर असते, म्हणून ती रेषा हलली की त्याची मेहनत हलते. पुढच्या मुलाची नजर दुसऱ्या मुलांवर, क्लासवर, प्रवेश परीक्षेवर असते. शाळेची रेषा कुठेही गेली तरी त्याला मोजणारं दुसरं कुणीतरी असतं. मागच्या मुलाकडे शाळेशिवाय दुसरं माप नसतं. म्हणून सैल गुणांचा फटका त्यालाच आधी आणि जास्त बसतो.

दुसरं एक संशोधन पालकांनी स्वतःला लावून पाहावं असं आहे. फ्लोरिडातल्या एका काउंटीच्या प्राथमिक शाळांत कोणता शिक्षक हात राखून गुण देतो आणि कोणता उधळतो, हे त्यात पाहिलं होतं. २००४ साली ते प्रसिद्ध झालं. हात राखून गुण देणाऱ्यांच्या वर्गातली मुलं बाहेरच्या परीक्षेत जास्त पुढे गेली. गंमत अशी की त्या मुलांचे पालक घरी अभ्यासाला जास्त वेळ देत होते, आणि तरी त्याच शिक्षकांना पालक कमी चांगले समजत होते. म्हणजे सैल गुणांनी फक्त मूल सुस्तावत नाही. ‘सगळं नीट चाललंय’ म्हणून आपणही सुस्तावतो, आणि वर त्या शिक्षकाला दुवा देतो.

गुणपत्रक वाचायचं कसं

पहिलं काम कागद आणि पेन्सिलचं आहे. मुलाचं शेवटचं गुणपत्रक घ्या आणि प्रत्येक विषयाचे दोन तुकडे करा, लेखी ८० आणि शाळेच्या हातातले २०. शाळेनं एकूणच गुण लिहिले असतील तर वर्गशिक्षकांना विचारा, ते सांगतात.

समजा विज्ञानात ७२ आहेत. त्यात प्रात्यक्षिकाचे २० पैकी २० आहेत. म्हणजे लेखीत ८० पैकी ५२, म्हणजे ६५ टक्के. बहात्तरचं मूल आणि पासष्टचं मूल यांत फार अंतर नाही म्हणाल, तर खालच्या टोकाला चला. २० पैकी १८ आधीच हातात असले तर ३५ गाठायला ८० पैकी १७ पुरतात. म्हणजे जेमतेम एकवीस टक्के. पाचातली जवळजवळ चार उत्तरं चुकली तरी मूल ‘पास’ असतं आणि घरी आनंद असतो. आता ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मधून कोणता विषय गळला ते पाहा. दहावीला बहुतेक वेळा गणित किंवा इंग्रजी गळतं, आणि पुढे आयुष्यभर लागतात तेही हेच दोन विषय.

हे गणित मुलासमोर बसून करा, पण शिक्षा म्हणून नव्हे. टक्केवारी कशी तयार होते हे बहुतेक मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. ती उत्सुकतेनं ऐकतात. काही जण तर ‘मग तोंडीचे गुण देतात तरी कशाला?’ असा प्रश्न विचारतात. त्याचं खरं उत्तर द्या. तोंडी परीक्षा नीट घेतली तर ती फार चांगली असते. लाजरं, अक्षर वाईट असलेलं, पण बोलायला लागलं की फुलणारं मूल तिथंच दिसतं. पंचेचाळीस मुलांची तोंडी एका तासात उरकली की सगळ्यांना अठरा-एकोणीस पडतात आणि त्या गुणांचा अर्थ संपतो.

घरची पट्टी

आता मुख्य काम. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, जुनी बोर्डाची प्रश्नपत्रिका घ्या. गणित भाग १ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, तिथून सुरुवात सोयीची. नववीच्या खालच्या मुलांसाठी मागच्या इयत्तेच्या पुस्तकातले संकीर्ण प्रश्नसंग्रह पुरतात. अट दोनच गोष्टींची. हा पेपर आधी पाहिलेला नसावा, आणि दोन तास गाईड, फोन, दादा-ताई यांपैकी कुणीही जवळ नसावं. ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पाठ करून मग त्यातलाच पेपर सोडवणं म्हणजे उत्तर बघून कोडं सोडवणं. तसे पेपर शाळेत पुष्कळ होतात, घरी आणखी एक कशाला?

पेपर झाला की तो लगेच तपासू नका. दोन दिवस कपाटात ठेवा. मग मुलालाच लाल पेन द्या आणि उत्तरं समोर ठेवून त्याला स्वतःचा पेपर तपासू द्या. दोन दिवसांत उत्तराशी असलेली माया थोडी कमी झालेली असते आणि चुका दिसू लागतात. तुम्ही शेजारी बसा, बोलू नका. प्रत्येक चुकीपुढे मुलानं एकच गोष्ट लिहायची : हे येत नव्हतं, येत होतं पण गडबड झाली, की प्रश्नच कळला नाही? तीन प्रकारच्या चुका, आणि तिन्हींचे इलाज वेगळे. येत नव्हतं तर धडा परत. गडबड झाली तर रोज पाच उदाहरणं सावकाश, पायरी न गाळता. प्रश्न कळला नाही तर तो गणिताचा प्रश्नच नाही, तो वाचनाचा आहे. मराठी माध्यमातून सेमी-इंग्रजीत गेलेल्या मुलांच्या बाबतीत तो फार वेळा इंग्रजी वाचनाचा असतो आणि सगळे त्याला गणिताच्या क्लासला पाठवत राहतात.

शाळेचे गुण आणि घरचे गुण यांत जो फरक येईल, तो एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. पहिल्या वेळी तो धक्कादायक असू शकतो. शाळेत ८८ असणाऱ्या मुलाला घरी ४० पैकी १९ पडणं अगदी शक्य आहे. त्या रात्री जेवताना तो आकडा काढू नका, आजोबांना सांगू नका, चुलत भावाशी तुलना तर नकोच. घरची पट्टी खरी राहायची असेल तर ती फक्त त्या मुलाची आणि तुमची राहिली पाहिजे. ती चारचौघांत गेली की मूल तिलाही फसवायला शिकेल, जसं शाळेच्या पट्टीला शिकलं. तीन-चार महिन्यांत फरक कमी होताना दिसला की कुणी सांगायला लागत नाही, मूल स्वतः पुढचा पेपर मागतं. आपल्या मेहनतीनं काहीतरी हललं, हे प्रत्यक्ष पाहण्याइतकं ओढ लावणारं दुसरं काही मला माहीत नाही.

रोजच्यासाठी एवढा खटाटोप नको. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं पुरतात. पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि मुलानं एखादी कल्पना तुम्हाला समजावून सांगायची. तुम्हाला तो विषय येत नसेल तर उत्तमच. पाठ केलेलं उत्तर पहिल्या ‘म्हणजे काय?’ला कोसळतं. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात वरून सोडलेल्या दगडाचं उदाहरण मूल सहज सोडवतं. त्याला विचारा, हाच दगड चंद्रावर सोडला तर लवकर पडेल की उशिरा, आणि का? अंकगणिती श्रेढीची सूत्रं पाठ असतात. त्याला भिशीचा किंवा दर महिन्याला शंभर रुपये वाढवत टाकलेल्या बचतीचा हिशेब करायला सांगा. तिथं अडखळला तर ते पेपरात दिसलं नसतं, हे तुमच्या लक्षात येईल.

शाबासकी आणि शेरा

गुण सैल असतात तिथं शाबासकीही सैल होते. ‘हुशार आहे हो आमचा’ हे वाक्य निकालाच्या दिवशी प्रत्येक घरात ऐकू येतं. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग आता बरेच प्रसिद्ध आहेत. सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांच्या हुशारीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. पुढे अवघड कोडी आली, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेली मुलं लवकर हिरमुसली. नंतर पुन्हा सोपी कोडी दिली तरी त्यांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरलेली होती. हुशारीचं बिरूद लागलं की ते सांभाळणं हेच काम होऊन बसतं, आणि ते सांभाळायचा सोपा मार्ग म्हणजे अवघड काही हातातच न घेणं. अकरावीत सायन्स सोडून देणाऱ्या काही नव्वदीवाल्या मुलांची गोष्ट हीच असते.

म्हणून काय, पेढे वाटू नयेत? जरूर वाटावेत. वर्षभर शाळेत गेलेल्या मुलाचा तो हक्क आहे. फक्त पेढा देताना कौतुक कशाचं करायचं ते ठरवून करा. ‘भूमितीची रचना तू तीनदा खोडून पुन्हा काढलीस, ते मी पाहिलं होतं.’ असं वाक्य म्हणायला आधी पाहिलेलं असावं लागतं, ही त्यातली खरी अडचण.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना गुण आणि शेरा दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचा रस टिकला आणि काम सुधारलं. दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच वागली. म्हणजे आकडा दिसला की शेरा कुणी वाचत नाही. आपल्याकडे आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी आहेत, कागदावर कल्पना उत्तम आहे. पण साठ मुलांच्या वर्गात ‘अभ्यासात सातत्य हवे’ हे एकच वाक्य साठदा लिहिलं जातं, आणि त्यात शिक्षकाचा दोष कमी, निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतच्या कामांचा जास्त. सगळ्या वह्या शक्य नसतील तर महिन्याला एकच उत्तर निवडा. आधी फक्त शेरा देऊन पेपर परत करा, मुलांना उत्तर सुधारून आणू द्या, गुण त्यानंतर द्या. आणि चांगलं उत्तर कसं असतं ते दाखवा, शक्यतो वर्गातल्याच मुलाचं. गुण देताना हात राखा, संधी देताना मोकळा सोडा. दुसरी संधी दिली म्हणजे पट्टी खाली आली असं होत नाही.

पालकांनी शाळेत जाऊन काय मागावं, हेही सांगून टाकतो. अर्ध्या गुणासाठी भांडायला जाऊ नका. तुम्ही गेलात की दुसरे दहा येतात, आणि पुढच्या चाचणीत शिक्षक सगळ्यांनाच दोन-दोन गुण जास्त देऊन स्वतःची सुटका करून घेतात. गुणांच्या महागाईला आपला हातभार लागतो तो असा. ‘जरा कडक तपासा हो’ असं सांगायलाही जाऊ नका, ते शिक्षकाच्या वरच्या लोकांना आवडत नाही. एकच प्रश्न विचारा : ‘याचं वाचन आणि गणित कोणत्या इयत्तेच्या पातळीचं आहे, असं तुम्हाला वाटतं?’ या प्रश्नाचं उत्तर शिक्षकांना माहीत असतं आणि ते द्यायला गुणांसारखं बंधन नसतं.

पस्तीस टक्क्यांचं मूल

आतापर्यंत बोललो ते जास्त करून चांगल्या गुणांच्या मुलांबद्दल. पण खरं नुकसान पस्तीस-चाळीसच्या मुलाचं होतं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी होती. त्यांतल्या सुमारे पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेतही सलग वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं जमलं ४३.३ टक्क्यांना. यांतली बहुतेक मुलं शाळा-कॉलेजात नाव असलेली, म्हणजे वर्षानुवर्षं ‘पुढच्या वर्गात’ गेलेली होती.

अशा मुलाला दहावीच्या क्लासला घालू नका, पैसे वाया जातील. तुटलं कुठे ते शोधा आणि तिथं परत जा. गणितात ते बहुधा पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांत किंवा भागाकारात असतं. बाजारातून पाचवीचं पाठ्यपुस्तक आणा, बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकटही मिळतं. रोज वीस मिनिटं, घरातल्या कुणाही एकानं, दार लोटून. नववीतल्या मुलाला पाचवीचं पुस्तक घेऊन मित्रांनी पाहिलं तर तो ते पुन्हा हातात धरणार नाही. वर्गात ठेवून घ्या, पुन्हा नववीच करू दे, असा आग्रह शाळेकडे धरू नका. तेच वर्ष, तेच धडे आणि त्याच तुटलेल्या जागेवरून पुन्हा चालणं, यातून काय हाती लागणार? २०२३ साली राज्यानं पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणि तीत अडलेल्यांसाठी फेरपरीक्षा ठेवली. त्याचा उपयोग या दोन परीक्षांच्या मधल्या आठवड्यांत मुलाला कोण शिकवतं, यावर ठरेल. शाळेत त्या काळात जादा तास होतात का, हे जरूर विचारा.

गणित-विज्ञानात वीसच्या वर गुण पडले तर ‘पुढे हे विषय घेता येणार नाहीत’ असा शेरा मारून पास करावं, असा प्रस्ताव २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी चर्चेत आला होता. ज्याला आयटीआयला जायचंय त्याला तो सोयीचा वाटेल. पण आयटीआयच्या पहिल्याच वर्षी मोजमाप, प्रमाण, टक्केवारी लागते, आणि वायरमनला ओहमचा नियम चुकत नाही. तेव्हा त्या शेऱ्याच्या भरवशावर अपूर्णांक सोडून देऊ नका.

अकरावीच्या उंबरठ्यावर

दहावीचा निकाल आणि कॉलेज सुरू होणं यांत मोकळे आठवडे असतात. त्या काळात मुलाला आधीच सांगून ठेवा की पहिल्या चाचणीत गुण पडतील आणि ते पडणं सगळ्यांचंच असेल. मुलगी नापास झाली म्हणून घरात जेवढं बिघडतं, त्याहून जास्त ‘हे अचानक कसं झालं’ म्हणून बिघडतं. पुढच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत मिळतो तो पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली किती मुलं तुमच्या मागे आहेत त्याचा आकडा. तिथं सगळ्यांना ९५ देता येत नाही, ही त्या परीक्षेची कठोर पण सरळ बाजू आहे, आणि दहावीनंतरच मुलाला ती समजावलेली बरी.

बोर्डाचा निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा लागला, वर किंवा खाली, तर मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. पुनर्मूल्यांकनासाठी ती आधी घ्यावीच लागते, पण एरवीही ती मागवण्यासारखी आहे. निदान एका विषयाची मागवा, ज्यात गुण सगळ्यात जास्त अनपेक्षित आले त्या विषयाची. तीन प्रकारच्या चुकांची घरची पद्धत तिच्यावर वापरा. गुण अपेक्षेपेक्षा जास्त आले असतील तर विशेषतः.

आणि दहावीच्या वर्षी घरच्या पट्टीचं हे सगळं डिसेंबरअखेर थांबवा. दहावीच्या मुलाला जानेवारीपासून सराव परीक्षा, प्रात्यक्षिकं, तोंडी आणि फेब्रुवारीतला मुख्य पेपर एवढं पुरेसं असतं. त्या दिवसांत घरच्या पट्टीवरचा एखादा पडका आकडा मनात धरून बसणारं मूल असेल, तर तुमची वही सरळ कपाटाच्या वरच्या फळीवर टाका. तिचा उपयोग नववीत आहे, आठवीत तर त्याहून जास्त आहे.